पोत्याच्या तळाचा चुरा

सोलापुरातल्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात मी कच्चा माल तपासते. दिवाळीनंतर पुनर्नवा पंचांगाची, म्हणजे मुळापासून फळापर्यंत सबंध वनस्पतीची, पोती आली. पुनर्नवा म्हणजे आपली तांबडी घेटुळी. बांधावर, रस्त्याकडेला जमिनीसरशी पसरते, उन्हाळ्यात वरून वाळते आणि पाऊस पडला की त्याच मुळातून फुटते. चरकांनी तिला वयःस्थापन गणात, म्हणजे वय टिकवणाऱ्या वनस्पतींत, घेतलंय. अंगावरच्या सुजेवरचा पुनर्नवाष्टक काढा, पुनर्नवा मंडूर ही औषधं तिच्याच जिवावर.

मालासोबतच्या प्रमाणपत्रात ओलावा, जाळल्यावर उरणारी राख, सगळं मर्यादेत. पण माल बारीक कापलेला. ओळख पटू नये म्हणूनच कापतात, हे माझं स्पष्ट मत आहे. गोडाऊन झाडणाऱ्या मावशींनी मूठभर उचलून पाहिलं. ‘ताई, हे तर आम्ही खुरपून बांधावर फेकतो.’

मी पोतं उलटं केलं. पाल्याचा चुरा झाला तरी फळ-बी तळाशी शाबूत सापडतं. घेटुळीचं फळ इवलंसं, गदेसारखं, पाच कंगोऱ्यांचं, अंगावर चिकट ग्रंथी. भिंगाखाली तसं एकही दिसेना. दिसल्या त्या काळ्या, मूत्रपिंडाच्या आकाराच्या, वळ्यावळ्यांच्या बिया. पेरं कोमट पाण्यात भिजवून सुईने उलगडली, तर देठाच्या बुडाशी पिशवी आणि तिच्यात एकुलतं फळ. घेटुळीची फुलं बारीक दांड्यांवर झुबक्यांनी येतात, अशी बगलेत लपत नाहीत. हा विषखापरा, शेतातलं तण. कुळच वेगळं.

खरेदीवाले म्हणाले, राख बसतेय ना? त्यांना वनस्पती दिसतच नाही, कागद दिसतो. व्यापारी म्हणाले, ‘मॅडम, दोन्ही पुनर्नवाच.’ श्वेत पुनर्नवा म्हणून विषखापरा वापरणारे वैद्य आहेत, मान्य. पण आमच्या औषधाच्या पाठात, म्हणजे कृतीत, तांबडी आहे आणि बिलही तांबडीचं होतं.

माल नापास केला. व्यापाऱ्यांनी वाद न घालता पोती टेम्पोत चढवली. कुठे नेणार, विचारलं. ‘दुसरं गिऱ्हाईक आहे. भिजवून कोण बघतंय?’

माझ्या रजिस्टरात ‘नापास, परत’ इथे रकाना संपतो. तोच माल दुसरीकडे काढ्यात उकळणार, आणि पाय सुजलेलं कुणीतरी तो विश्वासाने पिणार. नापास मालाची माहिती अन्न व औषध प्रशासनाला कळवावी, असं मी मालकांना लेखी दिलंय. अजून उत्तर नाही.