२०२०-२१ च्या प्रवेशअर्जातील रिकाम्या जागा

अमेरिकेत राहणाऱ्या, ओळखीतल्या बारावीच्या मुलामुलींचे प्रवेशअर्ज वाचताना २०२० च्या शरदात एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या अर्जात जे रकाने एरवी भरून वाहत, ते मार्च २०२० पासून, कोविडच्या महामारीमुळे, ओस पडले होते. परीक्षा रद्द झाल्या, स्पर्धा झाल्या नाहीत, उन्हाळ्यातील प्रयोगशाळेची संधी हुकली आणि अनेक शाळांनी अकरावीच्या दुसऱ्या सत्राला श्रेणीऐवजी नुसता ‘उत्तीर्ण’ असा शेरा दिला. अशा वेळी रिकामी जागा काहीही करून भरून काढण्याकडे मुलांचा, आणि त्याहून अधिक पालकांचा, ओढा असतो. मला ते पटत नाही. महामारीने रिकामी केलेली जागा रिकामीच राहू द्यावी, तिच्याविषयी जिथे सांगायची सोय आहे तिथे मोजक्या शब्दांत सांगावे, आणि उरलेली शक्ती अजून आपल्या हातात असलेल्या गोष्टींवर खर्च करावी.

सर्वाधिक घालमेल एसएटी या महाविद्यालय प्रवेशासाठीच्या परीक्षेवरून चालली होती. मे आणि जून २०२० च्या परीक्षा रद्द झाल्या. ऑगस्टअखेरची परीक्षा झाली खरी, पण बरीच केंद्रे बंद राहिल्यामुळे नोंदणी करूनही असंख्य मुलांना ती देता आली नाही. केंद्रात जागा मिळावी म्हणून दुसऱ्या राज्यापर्यंत गाडी नेणारी कुटुंबे होती. त्यांच्या जिद्दीविषयी आदर बाळगूनही, बहुतेकांच्या बाबतीत ही धावपळ अनावश्यक होती असे मला वाटते. २०२१ च्या प्रवेशासाठी चार वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या १६०० हून अधिक संस्थांनी हे गुण ऐच्छिक केले होते, आणि त्यांत आयव्ही लीग या नामांकित गटातील आठही विद्यापीठे होती. कॅलटेक हे कॅलिफोर्नियातील विद्यापीठ तर त्या वर्षी हे गुण पाहणारच नव्हते. गुण ऐच्छिक असलेल्या ठिकाणी ते पाठवायचे की नाही, हे ठरवण्याचा मार्ग साधा आहे: त्या महाविद्यालयात आधीच्या वर्षी दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या गुणांचा जो मधला पट्टा जाहीर होतो, त्यात किंवा त्याच्या वर आपले गुण असतील तर पाठवावेत, अन्यथा तो विषय सोडून द्यावा. सावध मात्र राहायला हवे. फ्लोरिडातील सरकारी विद्यापीठांनी परीक्षेची अट सोडलेली नाही, आणि काही महाविद्यालये प्रवेशासाठी गुण मागत नसली तरी गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी मागतात. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाचे संकेतस्थळ स्वतः वाचावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकललेल्या यादीवर विसंबू नये.

आता त्या रिकाम्या जागांविषयी सांगायचे कुठे, हा प्रश्न उरतो, आणि मुलांचा गोंधळ नेमका इथेच होतो. कॉमन अ‍ॅप या, अनेक महाविद्यालयांना एकच अर्ज करू देणाऱ्या सेवेने २०२० मध्ये महामारीच्या परिणामांसाठी २५० शब्दांचा एक स्वतंत्र, ऐच्छिक प्रश्न ठेवला होता. ६५० शब्दांचा मुख्य निबंध त्याहून वेगळा आहे. तरीही मुख्य निबंधातच टाळेबंदी, झूमवरचे वर्ग आणि रद्द झालेला पदवीदान समारंभ यांची वर्णने येत राहिली. ती खोटी नसतात, पण ती सगळ्यांचीच असतात. एका दिवसात अनेक अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून तो विशिष्ट मुलगा किंवा ती विशिष्ट मुलगी दिसत नाही. महामारीने कुणाचे आयुष्य खरोखरच मुळापासून बदलले असेल तर गोष्ट निराळी. बाकीच्यांनी मुख्य निबंध स्वतःसाठी राखून ठेवावा.

त्या २५० शब्दांत काय लिहावे? घडलेले आणि त्याचा परिणाम, एवढेच. वडिलांची नोकरी गेली. घरात एकच संगणक असल्यामुळे धाकट्या भावाचे वर्ग आधी आणि माझे नंतर, अशी वाटणी करावी लागली. आई रुग्णालयात काम करते, म्हणून ती वेगळ्या खोलीत राहिली आणि आजीची औषधे, स्वयंपाक माझ्याकडे आला. इंटरनेट तुटत असल्याने रसायनशास्त्राची श्रेणी घसरली. असे सांगताना विशेषणांची गरज पडत नाही. ज्यांच्या घरी असे काहीच घडले नाही, त्यांनी हा प्रश्न निःशंकपणे कोरा ठेवावा. ओढूनताणून लिहिलेले दुःख वाचणाऱ्याच्या चटकन लक्षात येते. शाळेने श्रेणीपद्धत बदलली किंवा एखादा अभ्यासक्रम बंद केला, हेही मुलांनी सांगत बसण्याचे कारण नाही. त्यासाठी शाळेच्या समुपदेशकाला अर्जात वेगळी जागा दिलेली होती. आपल्या शाळेने तिथे काय लिहिले आहे, हे समुपदेशकांना विचारून घेतले की तीच गोष्ट दोनदा सांगितली जात नाही.

उपक्रमांच्या रकान्यात दहा जागा असतात आणि त्या दहाही भरल्याच पाहिजेत, ही समजूत आपल्या घरांत फार घट्ट आहे. २०२० च्या उन्हाळ्यात घाईघाईने स्थापन झालेल्या कितीतरी ‘सेवाभावी संस्था’ मला अर्जांतून दिसल्या, ज्यांचे संस्थापक, अध्यक्ष आणि एकमेव सदस्य एकच होते. याची काहीच आवश्यकता नव्हती. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विद्याशाखेतील एका प्रकल्पाने जून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनावर ३०० हून अधिक प्रवेश अधिष्ठात्यांनी सह्या केल्या आहेत. महामारीमुळे राहून गेलेल्या उपक्रमांचा किंवा न दिलेल्या परीक्षेचा तोटा कुणालाही होणार नाही, आणि घरातील जबाबदाऱ्यांना महत्त्व दिले जाईल, असा त्याचा आशय आहे. तेव्हा धाकट्या भावंडाला रोज दोन तास शिकवणे किंवा किराणा दुकानात काम करणे, हे त्या रकान्यात उघडपणे, आठवड्याच्या तासांसह लिहावे. शिफारसपत्रांसाठी मार्च २०२० पर्यंत प्रत्यक्ष वर्गात शिकवलेले अकरावीचे शिक्षक गाठावेत. पडद्यावरच भेटलेल्या शिक्षकांकडे सांगण्यासारखे साहजिकच कमी असते.

महामारीमुळे महाविद्यालय पाहायला जाता येत नव्हते, याचे दुःख मला तितकेसे होत नाही. मार्गदर्शक उलटे चालत दाखवतो ती इमारतींची सहल ऑनलाइन झाली, तर फारसे बिघडत नाही. मात्र काही महाविद्यालये विद्यार्थ्याने दाखवलेल्या उत्सुकतेची नोंद ठेवतात. कोणती ठेवतात हे त्यांच्या ‘कॉमन डेटा सेट’ या वार्षिक तक्त्यातील सी-७ या भागात दिलेले असते, आणि तो तक्ता बहुधा संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. तिथे ही बाब महत्त्वाची मानली असेल तर ऑनलाइन सत्राला नाव नोंदवून हजर राहावे.

आता पैसा. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मदतीसाठीचा फाफ्सा हा अर्ज १ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. २०२१-२२ या वर्षाच्या या अर्जात २०१९ चे उत्पन्न विचारले गेले, म्हणजे महामारीच्या आधीचे. एप्रिल २०२० मध्ये नोकरी गेलेल्या घराचे चित्र त्यात सुस्थितीतले दिसले आणि मदत तुटपुंजी ठरली. यावर उपाय आहे, पण तो आपोआप मिळत नाही. अर्ज नियमाप्रमाणे मागितलेल्या वर्षाच्या, म्हणजे त्या वेळी २०१९ च्या, आकड्यांनीच भरावा, आणि त्यानंतर प्रत्येक महाविद्यालयाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला बदललेल्या परिस्थितीचे पत्र लिहून फेरविचार मागावा. कायद्याने त्या कार्यालयाला आकडे बदलण्याचा अधिकार दिलेला आहे. सोबत नोकरी संपल्याचे पत्र, बेकारी भत्त्याची कागदपत्रे आणि अलीकडच्या पगाराच्या पावत्या जोडाव्यात. आपल्याकडच्या पालकांना असे पत्र लिहिणे म्हणजे हात पसरणे वाटते आणि मुलांपासून तर ते नोकरी गेल्याचेही लपवतात. ज्या मुलाला कुठे अर्ज करायचा हे ठरवायचे आहे, त्याला घराचे खरे बजेट माहीत असले पाहिजे. केंद्र सरकारच्या मदतीत सहभागी असलेल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा अंदाज देणारे गणकयंत्र असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यात चालू वर्षाचे उत्पन्न घालून यादी करण्याआधीच आकडा पाहावा.

एच-४ व्हिसावरील, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या, मुलांना फाफ्साची मदत मिळत नाही, ग्रीन कार्डधारकांना (कायमच्या रहिवाशांना) मिळते. पहिल्या गटातील मुलांना बहुतेक खासगी महाविद्यालये परदेशी विद्यार्थी म्हणून मोजतात, आणि मदत मागितल्याचा परिणाम प्रवेशावर न होऊ देता गरजेएवढी मदत देणारी ठिकाणे, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी २०२० मध्ये मोजकीच होती. या मुलांनी आपल्या राज्यातील विद्यापीठात त्या राज्याच्या रहिवाशांसाठीचे कमी शुल्क लागू होते का, हे सर्वांत आधी तपासावे. नियम राज्यागणिक बदलतात.

पैशाच्या याच कारणासाठी ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज करताना मी दोनदा विचार करायला सांगते. या अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते आणि प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारण्याचे बंधन असते. मदत अपुरी पडली तर त्यातून सुटका मिळते, परंतु चार ठिकाणचे देकार शेजारीशेजारी ठेवून पाहण्याची संधी राहत नाही, आणि ज्या घरातील उत्पन्न येत्या सहा महिन्यांत कसे असेल याचा भरवसा नाही, त्या घराला त्या संधीची गरज सर्वाधिक आहे. बंधन नसलेली ‘अर्ली अ‍ॅक्शन’ उपलब्ध असेल तर ती निवडावी.

फेरविचाराच्या पत्राला उत्तर येण्यास आठवडे लागू शकतात. अंतिम होकाराची नेहमीची तारीख १ मे असून २०२० मध्ये अनेक महाविद्यालयांनी ती १ जूनपर्यंत पुढे नेली होती. तशी सवलत पुन्हा मिळेलच असे धरून चालू नये. मदतीचा आकडा हाती आला नसेल तर एप्रिल संपण्यापूर्वीच प्रवेश कार्यालयाकडे लेखी मुदतवाढ मागावी, आणि ती मागणी विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून करावी.