तुम्ही विचारलंत म्हणून: लेझरने कापून आल्यावर करायचं काय उरतं?

"हे सगळं लेझरने कापूनच येतं ना? मग तुम्ही नुसतं चिकटवता!" शर्यतीच्या हायड्रोप्लेन बोटीचं, पाण्यात पळणारं लाकडी मॉडेल दिसलं की हा प्रश्न येतोच. उघडलेला खोका बघून तसं वाटणं साहजिक आहे. प्लायच्या शीट, त्यांत जागच्या जागी अडकवलेले भाग, प्रत्येकावर जाळून कोरलेला नंबर. तरी उत्तर ‘नाही’ असंच आहे. लेझर भाग बिनचूक देतो, बोट सरळ देत नाही. ती सरळ होणार की वाकडी, हे ज्या फळीवर ती बांधतो, त्या फळीवर ठरतं.

आधी बोटीबद्दल थोडं. हायड्रोप्लेनला पुढे दोन बाजूंना दोन स्पॉन्सन असतात, म्हणजे तळाखाली उतरलेले दोन तरंडे. वेग घेतल्यावर बोट तीनच ठिकाणी पाण्याला टेकते: दोन स्पॉन्सनच्या मागच्या कडा आणि अर्धा बुडालेला प्रॉपेलर. बाकी सगळी हवेत. सिॲटलच्या स्टॅन सेयर्सची ‘स्लो-मो-शन फोर’ याच तत्त्वावर २६ जून १९५० रोजी लेक वॉशिंग्टनवर ताशी १६० मैल, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटर धावली. पाण्यावरच्या वेगाचा त्याआधीचा १४१ मैलांचा विक्रम ब्रिटनच्या माल्कम कॅम्पबेलच्या नावावर १९३९ पासून होता. आराखडा टेड जोन्सचा, बांधणी अँकर जेन्सनच्या यार्डातली. आज ती बोट सिॲटलच्या संग्रहालयात छताला टांगलेली आहे; त्या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींनी खालून तिचा तळ नीट बघून घ्यावा, मॉडेल करणाऱ्याला तोच लागतो.

मॉडेलचं नेहमीचं प्रमाण एकास आठ. आपल्याकडच्या सुताराला हे समजावून सांगावं लागत नाही: इंचाचं सूत. खऱ्या बोटीवरचा एक इंच म्हणजे मॉडेलवर एक सूत, इंचाचा आठवा भाग. अठ्ठावीस फुटांची बोट साडेतीन फुटांची होते.

आता काम. किट आणलेलं नसेल आणि नकाशावरून पुण्या-मुंबईतल्या लेझरवाल्याकडे फ्रेम, म्हणजे बोटीच्या आडव्या फासळ्या, कापून घ्यायच्या असतील, तर फाइल देण्याआधी प्लाय व्हर्नियरने मोजा. तीन मिलिमीटरचा म्हणून मिळणारा प्लाय २.७ भरतो, कधी ३.२ भरतो. खाचा तीनच्या काढल्या असतील तर गणित तिथेच बिघडतं. शिवाय किरणाची स्वतःची जाडी असते, तेवढं लाकूड जळून जातं. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर मोजलेल्या जाडीच्या आसपासच्या, थोड्या थोड्या फरकाच्या पाच खाचा कापून घ्याव्यात. खाच बोटाच्या दाबाने बसली पाहिजे. हातोडी घ्यावी लागली तर फ्रेम वाकलीच म्हणून समजा. खुळखुळली तर गोंद पोकळी भरेल, पण गुण्यात, म्हणजे काटकोनात, ठेवणार नाही. मरीन प्लाय जास्त चांगला असं वाटून तो आणू नका: त्यातला फिनॉलिक गोंद लेझरला दाद देत नाही, मधेच न कापलेले टिंब राहतात आणि भाग सोडवताना कडेचं पापुद्रं निघतं. कमर्शियल प्लायच्या पोटात पोकळ्या असतात. बर्च प्लाय महाग पडतो, पण तोच घ्यावा.

कापलेल्या कडेवर काजळी असते. गोंद त्या काजळीला धरतो, लाकडाला नाही. जोड दिसायला घट्ट आणि झटका बसला की सुटा. २२० नंबरच्या सँडपेपरने दोन-तीन हात मारायचे, कड तपकिरी झाली की थांबायचं. त्यापुढे घासलंत तर लेझरचे पैसे वाया.

फळी अठरा मिलिमीटर एमडीएफची, चार फूट बाय दीड. तिच्यावर मधली रेघ आणि प्रत्येक फ्रेमची आडवी रेघ. बोट उलटी बांधायची, डेक (वरची बाजू) खाली आणि तळ वर. फ्रेमना त्यासाठीच जादा ‘पाय’ कापलेले असतात. ते सगळे एका पातळीत फळीवर टेकतात, शेवटी करवतीने उडवायचे. मोटर ज्यांवर बसणार त्या दोन उभ्या पट्ट्या आधी उभ्या करा, मग त्यांत फ्रेम. प्रत्येक फ्रेमला गुण्या लावून सुपरग्लूचा एकेक थेंब. पक्कं चिकटवणं अजून नाही. सगळ्या फ्रेम उभ्या राहिल्या की पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमवर एकेक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवायची आणि मागून एक डोळा मिटून बघायचं. दोन्ही पट्ट्यांच्या कडा समांतर दिसल्या तर ठीक. एक कड दुसरीला कापून जात असेल तर पीळ आहे. थेंब सोडवा आणि परत लावा. इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद, त्यानंतरच.

कडेच्या पट्ट्या सहा बाय सहा मिलिमीटरच्या, सरळ रेषांच्या पाइनच्या. इथे घाई नडते. डावीकडच्या सगळ्या पट्ट्या एका बैठकीत लावून मोकळं झालात, तर वाकवलेल्या लाकडाचा ताण सगळा एका बाजूला येतो आणि बोटीचं केळं होतं. एक डावी, एक उजवी, मग खालची डावी, खालची उजवी, असंच जायचं.

लेझर काटकोनातच कापतो, पण नाकाकडे बोट निमुळती होते, म्हणून पुढच्या फ्रेमच्या कडा तिरक्या कराव्या लागतात. दीड फुटी सरळ पट्टीवर सँडपेपर चिकटवून तीन-तीन फ्रेमवरून एकदम फिरवा. लहान ठोकळा घेतला तर दोन फ्रेमच्या मधे खळगा पडतो आणि रंग दिल्यावरच तो दिसतो.

तळाला दीड मिलिमीटरचा प्लाय, डेकला पाऊण. तळ बोट फळीवर असतानाच बसवायचा, कारण फ्रेम आणि तळ मिळून पेटी झाली की असलेला पीळ कायमचा. तीस मिनिटांत धरणारं इपॉक्सी वापरा. पाच मिनिटांचं एक कड दाबेपर्यंत दुसरीकडे धरायला लागतं. वजन म्हणून वाळूच्या पिशव्या उत्तम, गोलाईवर आपोआप बसतात. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत हे काम काढलंत तर वाळलेल्या इपॉक्सीवर मेणासारखी चिकट साय येते. पाण्याने घासून धुवा, मगच पुढचा हात. नाहीतर त्यावरचा रंग पोपडे धरतो.

डेक बंद करण्याआधी आतून पातळ इपॉक्सीचे दोन हात आणि स्पॉन्सनमध्ये थर्मोकोल. थर्मोकोलला सुपरग्लू लावू नका, विरघळतं. पॉलिएस्टर रेझिननेही तेच होतं.

आता ज्या जागेसाठी एवढं लिहिलं ती: स्पॉन्सनचा तळ. तो पाण्याशी तीन ते चार अंशांचा कोन करतो. दहा सेंटिमीटरच्या लांबीत एका टोकाला एक मिलिमीटर चुकलं तर अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडतो. दोन्ही बाजूंना सारखी चूक असेल तर बोट एकवेळ चालेल. एकाच बाजूला असेल तर ती सरळ रेषेतही एका खांद्यावर झुकून पळेल. आणि मागची कड धारदार हवी. हौसेने सगळीकडे गुळगुळीत गोलाई देणारे लोक ही कडही गोल करतात. पाणी गोल कडेला चिकटून वर वळतं, स्पॉन्सनला खाली ओढतं, मग सोडतं. बोट बेडकासारखी उड्या मारते आणि दोष बिचाऱ्या मोटरला दिला जातो. कडेत पातळ सुपरग्लू मुरवून, कडक झाल्यावर सपाट ठोकळ्याने काटकोनात घासून घ्या. नखावर फिरवली तर ओरखडा उठला पाहिजे.

मोटरपासून प्रॉपेलरपर्यंत जाणारा फिरत्या तारेचा शाफ्ट ३/१६ इंची, म्हणजे दीड सूत. जोर आला की तारेला पीळ बसून ती आखूड होते, म्हणून प्रॉपेलरच्या पुढच्या, म्हणजे मोटरच्या बाजूच्या, आधाराशी दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायची. ती नसेल तर पहिल्याच फेरीत आधार घासून तापतो.

वळणाचा पंखा, म्हणजे वळताना बोट घसरू न देणारं पाण्यातलं उभं पातं, कोणत्या बाजूला, यात फोटो बघून बांधणारे हमखास फसतात. खऱ्या बोटी डावीकडे वळत धावतात, त्यांचा पंखा डाव्या स्पॉन्सनला. मॉडेलच्या शर्यती सहसा घड्याळाच्या दिशेने, म्हणून पंखा उजवीकडे.

तोल सगळं सामान भरून, बॅटरीसकट बघायचा. स्पॉन्सनच्या मागच्या कडेपासून प्रॉपेलरपर्यंतचं अंतर मोजा. त्याच्या पाव ते एक तृतीयांश भागावर, कडेच्या मागे, बोट दोन बोटांवर तोलली पाहिजे. नकाशात आकडा दिलेला असेल तर तो आधी. वजन फार मागे गेलं तर नाकाखाली हवा शिरते आणि बोट उताणी पडते. पहिल्या दिवशी बॅटरी सरकवून बघा किंवा प्रॉपेलरची खोली बदला, पण एका वेळी एकच. आणि प्रत्येक फेरीनंतर झाकणाची टेप काढून आत बघा. पाणी मागे साचलेलं असेल तर ते बहुधा शाफ्टच्या नळीतून आलंय; स्पॉन्सनमध्ये खुळखुळत असेल तर कुठल्यातरी कडेची काजळी घासायची राहिली होती.