घोडे कोठे पेंड खात होते

गेल्या ऑक्टोबरमधील एका सकाळी, गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावामागच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, माझी घोडी तारा चढाच्या मध्यावर थांबली. ती अडखळली नव्हती, बुजली नव्हती, वाटेत सापही आडवा आला नव्हता. दुडकी मोडून ती आधी चालीवर आली आणि मग चालही सोडून मान खाली घालून उभी राहिली. मी टाच मारली, पुन्हा मारली आणि शेवटी छडीही वापरली, याची मला आजही लाज वाटते. तिने चार पावले टाकली आणि कान मागे पाडून ती पुन्हा उभी राहिली. आदल्या आठवड्यापर्यंत हाच चढ ती टाच न लावताही चौखूर चढत असे.

तारा ही सात वर्षांची कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी, रंगाची मारवाडी घोडी. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून मी तिला आणले, त्याला तेव्हा दोन वर्षे होत आली होती. तिची देखभाल करणारे मामा मूळचे सोलापूरकडचे असून त्यांचा सारा जन्म घोड्यांमध्ये गेलेला आहे. घरी परतल्यावर मी त्यांना म्हणालो, “मामा, घोडी आळसावली आहे. पावसाळाभर बसून खाल्ले, त्याचा हा परिणाम.” त्यांनी तिच्या पाठीवरून आणि मांड्यांवरून सावकाश हात फिरवला आणि एवढेच म्हणाले, “आळस नाही दादा, अंग राखतीय ती.” मी हे बोलणे दोन दिवस मनावर घेतले नाही. तिसऱ्या दिवशी ती सपाटीवरही दुडकीला नकार देऊ लागली, तेव्हा घेतले.

प्रथम आम्ही घरच्या घरी करता येण्याजोगे सर्व तपासले. विश्रांतीत असलेल्या निरोगी प्रौढ घोड्याचे तापमान साधारणपणे ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतात. ताराची मोजमापे सलग तीन सकाळी या मर्यादेतच आली. मला भीती होती ती घाम आटण्याची. कोरड्या मुलखातून दमट किनारपट्टीवर आलेल्या काही घोड्यांना घाम येणेच हळूहळू बंद होते, आणि मग काम केल्यावर त्यांचे शरीर तापते, नाकपुड्या फुलतात आणि ते चालेनासे होतात. परंतु ताराची मान आणि तंगाखालची छाती नेहमीप्रमाणे ओली होत होती, त्यामुळे ती शक्यता मागे पडली.

त्यानंतर संशय खोगिरावर गेला. रपेटीनंतर खोगीर उतरवून पाहिले असता खांद्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या जागा कोरड्या राहिलेल्या दिसल्या. आजूबाजूला घाम आणि मध्येच कोरडा ठिपका, म्हणजे त्या जागी दाब जास्त पडतो असे सहसा समजतात. खोगिराचा सांगाडा तिला खरोखरच अरुंद होत होता, कारण पावसाळ्यात तिचे वजन वाढले होते. ओळखीच्या एका स्वाराकडून रुंद खोगीर आणले आणि कोरडे ठिपके गेले, पण घोडी होती तशीच राहिली. खोगिराशिवाय, केवळ लांब दोरीवर गोल फिरवतानाही ती आखूड पावले टाकत होती, आणि स्वारच पाठीवर नसताना हे होते म्हटल्यावर दोष खोगिराचा किंवा माझ्या बैठकीचा नव्हता हे उघड झाले. हे पहिल्याच दिवशी पाहायला हवे होते, म्हणजे खोगिराच्या शोधात घालवलेले आठ दिवस वाचले असते.

तालुक्यातील पशुवैद्य गुरांचे उत्तम जाणकार. घोडे त्यांच्या वाट्याला क्वचितच येतात आणि त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलेही. तरी त्यांनी तोंड उघडून दाढा पाहिल्या. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा झिजत नाहीत; दात तर दरवर्षी दोन-तीन मिलिमीटर वर येतच राहतात, आणि त्या कडा धारदार होऊन गालाला आणि जिभेला कापू लागतात. ताराच्या गालात आतून दोन जखमा होत्या. गुंगीचे औषध देऊन दाढा कानशीने घासून घेतल्या. खाताना तोंडातून घास सांडणे थांबले, परंतु पावले आखूडच राहिली.

मग रक्त तपासायचे ठरले, कारण आमच्या भागात पावसाळ्याच्या अखेरीस गोमाश्यांचा उपद्रव फार असतो आणि त्यांच्या दंशातून सर्रा पसरतो. या रोगाचे नाव मराठीतूनच जगभर गेले, असे शब्दकोश सांगतात. नाकपुड्यांतून जोराने सुटणाऱ्या श्वासाच्या आवाजावरून ते आले. त्याचा सूक्ष्मजंतू ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये तेव्हाच्या पंजाबात डेरा इस्माईलखान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात प्रथम पाहिला. काचपट्टीवर ताराच्या रक्तात जंतू दिसले नाहीत. तथापि हे जंतू रक्तात कधी असतात, कधी दिसेनासे होतात, म्हणून एका काचपट्टीवर विसंबता येत नाही. रक्तजल हरियाणातील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवले. अहवाल येईपर्यंतचे दिवस मला फार जड गेले. तेथूनही नकारच आला. रक्तातील कॅल्शियमही ठीक असल्याचे त्याच सुमारास कळले, आणि त्या एका आकड्याने आम्हा सर्वांची दिशाभूल केली.

दरम्यान मामांनी एक गोष्ट टिपून ठेवली होती. सोमवारी घोडी उजवा पुढचा पाय राखत होती, गुरुवारी डावा मागचा. बेळगावहून आलेल्या नालबंदाने चारही खूर चिमट्याने दाबून आणि हातोडीने ठोकून पाहिले, नाल काढून पुन्हा बसवले आणि खुरांत काही नाही असा निर्वाळा दिला. हे फिरते लंगडणे मी पुण्यातील एका अश्ववैद्यांना दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा त्यांनी खोगीर, दाढा, रक्त यांतील काहीच विचारले नाही. त्यांनी विचारले, “जूनपासून तिला खायला काय घालता?”

हे मी अभिमानाने सांगितले. पावसाळ्यात बेळगावकडून येणारा कडबा महागतो आणि दमटपणामुळे बुरसटतो. म्हणून शेजारच्या दूध व्यावसायिकाकडून रोज ताजे संकरित नेपियर गवत घेत होतो, आणि घोडी भरावी म्हणून दोन्ही वेळच्या चंदीत गव्हाचा कोंडा सढळ हाताने मिसळत होतो. शेजाऱ्यांच्या गायी त्याच गवतावर बादल्या भरून दूध देत होत्या.

डॉक्टर क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी जे समजावले ते मी शब्दशः वहीत लिहून घेतले. नेपियरमध्ये ऑक्झलेट पुष्कळ असते, आणि पावसाने भराभर वाढलेल्या कोवळ्या पानांत अधिकच. ते गवतातील कॅल्शियमला बांधून ठेवते. गायीच्या पहिल्या पोटातील जिवाणू सवयीने हे ऑक्झलेट फोडू शकतात. घोड्याचे जिवाणू मात्र मोठ्या आतड्यात, म्हणजे कॅल्शियम शोषून घेणारे लहान आतडे मागे पडल्यानंतर असतात, आणि तोपर्यंत कॅल्शियम हातचे गेलेले असते. त्यात भर कोंड्याची. आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावे. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट असते. युरोपात पूर्वी पीठ गिरणीवाल्यांची, कोंड्यावर पोसलेली घोडी याच विकाराने आजारी पडत, म्हणून तेथे त्याला गिरणीवाल्यांचा रोग म्हणत. रक्तातील पातळी टिकवण्यासाठी शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेते, त्यामुळे रक्ताचा आकडा ठीक दिसतो आणि हाडे पोकळ होत जातात. स्नायुबंध जेथे हाडाला धरतात तेथे दुखते, आज या पायात तर उद्या त्या पायात. फार पुढे गेले की चेहऱ्याची हाडे फुगतात. लघवीच्या तपासणीत फॉस्फरस बरेच वाढलेले आढळले आणि निदान पक्के झाले. ताराचा चेहरा सुदैवाने अजून सुजलेला नव्हता.

घोडे कोठे पेंड खात होते हे कळायला मला पाच आठवडे लागले, आणि ती पेंड मी स्वतःच्या हाताने पाटीत घालत होतो.

उपाय साधा होता, पण घाईचा नव्हता. घोड्याचा चारा एका दिवसात बदलला तर पोटशूळ उठण्याचा धोका असतो, म्हणून नेपियर दहा दिवसांत हळूहळू कमी करत बंद केले आणि त्या जागी सड्यावरचे वाळलेले करड गवत आणि कडबा आणला. कोंडा बंद केला. लसूणघासाचा वाळलेला चारा सांगलीकडून मागवला, कारण त्यात कॅल्शियम भरपूर असते. वाहतुकीचा खर्च चाऱ्याच्या किमतीएवढाच आला, त्याबद्दल तक्रार करण्याचा हक्क मी गमावला होता. शिवाय डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापाने शुद्ध चुनखडीची भुकटी भिजवलेल्या हरभऱ्यात मिसळून दिली. ताराने पहिले तीन दिवस हरभरे वेचून खाल्ले आणि भुकटी पाटीच्या तळाशी ठेवली. मामांनी थोडा गूळ घातला आणि तो प्रश्न मिटवला. स्वारी पूर्ण बंद ठेवून तिला रोज सकाळी हाताने चालवत होतो. ठिसूळ झालेल्या हाडांवर वजन घालून ती लवकर कणखर होतील हा माझा उत्साह डॉक्टरांनी फोनवरच मोडून काढला.

सहा आठवड्यांनी आखडलेपणा कमी झाला. त्यानंतर आणखी दीड महिन्याने लंगडणे दिसेनासे झाले, तरी हाडे पूर्ववत व्हायला वर्षभर लागू शकते असे बजावण्यात आले होते. फेब्रुवारीच्या अखेरीस मी प्रथमच खोगीर चढवले, आणि आठवडाभर चालीवर फिरवल्यानंतर आम्ही त्या चढाकडे वळलो. छडी घरीच ठेवली होती. ताराने मान पुढे केली, कान टवकारले आणि दुडकी धरली. माथा यायच्या आधीच मी लगाम आवरला, कारण मार्च संपेपर्यंत दुडकी पाच मिनिटांपेक्षा जास्त नको असे डॉक्टरांचे सांगणे होते, आणि तिला हे थांबणे अजिबात पसंत पडले नाही.