तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तू’ म्हणजे कोण?

कार्यक्रम संपून वाद्यं गवसणीत जायला लागली की निवेदकाला गाठून विचारायचा प्रश्न ठरलेला असतो. कवी ग्रेस यांच्या ‘भय इथले संपत नाही’मध्ये ‘मी संध्याकाळी गातो, तू मला शिकविली गीते’ अशी ओळ आहे, त्यातली ‘तू’ कोण? आई की प्रेयसी?

ग्रेस २०१२ मध्ये गेले. असते तरी त्यांनी निकाल दिला असता असं मला वाटत नाही. आणि दिला असता तरी काय? त्यांच्याच ‘ती गेली तेव्हा रिमझिम’मध्ये ‘ती आई होती’ असं स्वच्छ लिहिलंय. तरी ती प्रेयसीच, हे मला पटवून देणारे भेटतातच.

पूर्वी मी ठासून सांगायचो, आईच. तिन्हीसांजेला दिवा लावून शुभंकरोति, परवचा कोण म्हणून घेतं? लोकांना पटायचं. मग मागच्या रांगेतून कुणीतरी त्याच गाण्यातल्या राघवाच्या शेल्याचं काढायचं. वनवासातल्या सीतेच्या अंगावर रामाचा शेला, ही उपमा आईसाठी? मी ‘माया, आधार’ असलं काही पुटपुटायचो. त्यातल्याच ‘झरे चंद्रसजणांचे’पर्यंत गाडी जाऊ नये म्हणून निघायची घाई करायचो.

मग आमच्या गायिकेची आई गेली. त्यानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात हे गाणं तिनंच घ्यायचं ठरवलं. तालमीत तिनं ‘गातो’च्या जागी ‘गाते’ म्हटलं. मी थांबवलं. हृदयनाथांच्या चालीत लताबाईंनीही ‘गातो’च म्हटलंय, ‘महाश्वेता’ मालिकेपासून लोकांच्या कानात तेच बसलंय, कवीचा शब्द आपण बदलायचा नाही. तबलजी हात तसेच धरून बसलेला. ती म्हणाली, “दादा, मग हे माझं नाहीच का?”

“गाणं तुझं. शब्द ग्रेसचे.”

या वाक्यात मला आजही चूक सापडत नाही. आवडत मात्र नाही. तिनं वही मिटली आणि उरलेली तालीम खाली मान घालून केली. कार्यक्रमात ‘गातो’च म्हटलं, एक सूर हलला नाही. मी विंगेत उभा राहून ती ‘गाते’ म्हणण्याची वाट बघत होतो. म्हणाली असती तर राग आला असता की बरं वाटलं असतं, कोण जाणे. नंतर एका बाईंनी तिचा हात धरून डोळे मिचकावले, “कुणाच्या आठवणीत गायलीस गं एवढी?” ती नुसती हसली. मला वाटलं, आता सांगेल. नाही सांगितलं.

तेव्हापासून मी अर्थ सांगत नाही. पण ‘ज्याचा त्याचा अर्थ’ म्हणून हात झटकणंही मला जमत नाही. तसंच असेल तर ‘गाते’ला माझी हरकत का होती? शिवाय कवी स्वतः ‘गातो’ म्हणून सुरुवात करतो आणि पुढे थेट सीतेच्या जागी जाऊन तो शेला पांघरतो. त्याला चालतं, तर तिला का नाही? यावर माझं म्हणणं असं की त्यानं ‘गातो’ राखूनच ते केलंय, हीच तर गंमत. दुसऱ्या दिवशी मलाच हा वकिली कावा वाटतो.

परवा एका गृहस्थांनी नवीनच सांगितलं, ‘तू’ म्हणजे मृत्यू. हे मी मान्य करणार नाही. मृत्यू गाणी कशी शिकवेल? “मग भय कुणाचं?” त्यांनी विचारलं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला.