नवी फट आणि घरपोच अलाइनर: पैसे भरण्याआधी केलेली एक तपासणी

वरच्या जबड्यासाठी १४ अलाइनर (दात हळूहळू सरकवणारे पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे), खालच्यासाठी १०. दर दहा दिवसांनी पुढचा अलाइनर चढवायचा, म्हणजे पाच महिन्यांच्या आत काम संपणार. किंमत ५४ हजार, बारा हप्त्यांत. एका घरपोच सेवेचा हा प्रस्ताव मोबाइलवर घेऊन खराडीतल्या आयटी कंपनीत काम करणारे, छत्तिशीतले एक गृहस्थ पत्नीबरोबर क्लिनिकमध्ये आले होते. कंपनीचा माणूस घरी येऊन तोंड स्कॅन करून गेला होता, नोंदणीची रक्कम भरून झाली होती, फक्त उपचाराचे पैसे भरायचे राहिले होते. त्याआधी एकदा कुणाला तरी दाखवून घेऊ, हा पत्नीचा आग्रह. "डॉक्टर, ही एवढी फट बुजवायची आहे. बाकी काहीच त्रास नाही," असं त्यांचं म्हणणं.

फट वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांमध्ये होती. मोजली तर २.५ मिलिमीटर.

फट कधीपासून आहे, हे मी आधी विचारलं. "तीन-चार वर्षं झाली असतील." लग्नातला एखादा हसरा फोटो आहे का, म्हटल्यावर पत्नीने फोनमधून शोधून काढला. मुंडावळ्या बांधलेले, तोंडभर हसताना. फोटो मोठा करून पाहिला, तर दोन्ही दात एकमेकांना अगदी टेकलेले. नऊ वर्षांपूर्वी तिथे फट नव्हतीच.

इथे केस पूर्ण बदलते. लहानपणापासून असलेली फट दातांच्या आणि जबड्याच्या मापातल्या फरकामुळे असू शकते, ओठाचा पडदा खाली उतरलेला असू शकतो, किंवा दोन दातांच्या मध्ये हाडात एखादा जादा दात दडलेला असू शकतो. पण तिशीच्या आसपास नव्याने उघडलेली फट दिसली की सगळ्यात आधी हिरडी आणि हाडाचा आजार शोधायचा. दाताभोवतीचं हाड कमी झालं, की चावताना पडणाऱ्या नेहमीच्या दाबानेही दात पुढे झुकतो आणि थोडा खाली उतरून लांब दिसायला लागतो. यांचा डावा दात उजव्यापेक्षा मिलिमीटरभर लांब दिसतच होता. त्यांना तो दात वाकडा आला आहे असं वाटत होतं.

मग प्रोब घेतला. बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली ही बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधल्या खाचेत हलकेच सरकवायची आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजायची. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर भरते आणि रक्त येत नाही. यांच्या उजव्या दाताला ५ भरली. डाव्याला, टाळूच्या बाजूने, ७. प्रोब काढताच रक्त आलं आणि हिरडी बोटाने दाबल्यावर पू दिसला. दुखत मात्र काहीच नव्हतं. हा आजार वर्षानुवर्षं न दुखता चालतो, म्हणूनच माणूस त्याच्याकडे दिसण्याची अडचण म्हणून बघतो.

यानंतरची तपासणी मी पत्नीलाही करून पाहायला सांगितली. ग्लोव्ह घालून बोटाचं टोक डाव्या दाताच्या मुळावर, हिरडीवर बाहेरून ठेवायचं आणि त्यांनी दात मिटायचे-उघडायचे. दर वेळी दात मिटताना मूळ बोटाखाली थरथरतं. खालचे दात वरच्या दाताला आतून धडकून बाहेर ढकलतात, त्याचा हा पुरावा. "अहो, हलतोय हा!" असं त्या म्हणाल्या आणि ५४ हजारांची चर्चा तिथेच थांबली.

छोट्या एक्स-रेमध्ये डाव्या दाताच्या मुळाभोवतीचं हाड जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं, एका बाजूला तिरकं खोल गेलेलं. वरच्या पटाशीच्या दाताचं मूळ साधारण १३ मिलिमीटरचं असतं, म्हणजे आधार उरला होता सहा-साडेसहा मिलिमीटरचा. वडिलांना मधुमेह आहे, हे कळल्यावर त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवलं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.९ आलं. त्यांना स्वतःला मधुमेह आहे, याची घरात कुणालाच कल्पना नव्हती.

हे सगळं स्कॅनमध्ये का दिसलं नाही? कारण स्कॅनर फक्त पृष्ठभाग टिपतो. दाताचा दिसणारा भाग आणि हिरडीची वरची कड, बस. दात कसे सरकतील हे दाखवणारा व्हिडिओ कंपनी पाठवते, त्यात दाताखाली जी मुळं दाखवलेली असतात ती एक्स-रे जोडलेला नसेल तर सॉफ्टवेअरने सरासरी मापाने काढलेली असतात. उपचारात मात्र सरकवायचं असतं मूळच, आणि तेही हाडातून.

अर्धी माती वाहून गेलेल्या खांबाला वरून ढकललं तर तो सरळ सरकत नाही, कलंडतो. दाताचंही तेच. हाड खाली गेलं की दाताचा रोधकेंद्र बिंदू (जिथून जोर गेला तर दात न कलता सरळ सरकतो) मुळाच्या टोकाकडे सरकतो आणि पूर्वीइतकाच जोर दाताला जास्त कलवतो. अशा दाताला नेहमीपेक्षा कमी जोर लावावा लागतो, आणि तोही सूज पूर्ण गेल्यावरच. हिरडीत पू असताना दात सरकवला तर हाड झपाट्याने जातं. फट पाच महिन्यांत कदाचित बुजलीही असती आणि दात हातात आला असता.

त्यांनी दाखवलेला व्हिडिओ मी बाजूने वळवून शेवटच्या टप्प्यावर थांबवला. समोरून फट मस्त मिटलेली. बाजूने पाहिलं, तर खालचे पटाशीचे दात वरच्या दातांच्या आत घुसलेले. स्क्रीनवर एक दात दुसऱ्यातून आरपार जाऊ शकतो, तोंडात नाही. यांचा बाइट, म्हणजे दात मिटल्यावर वरचे-खालचे दात एकमेकांवर बसायची पद्धत, खोल आहे: वरचे पुढचे दात खालच्यांना फार झाकतात. वरचे दात मागे आणायचे तर आधी खालचे दात हाडात थोडे आत दाबून जागा करावी लागेल. खालच्या १० अलाइनरमध्ये ती हालचाल धरलेलीच नव्हती. कुणालाही असा व्हिडिओ मिळाला तर तो नुसता समोरून बघू नका. दोन्ही बाजूंनी वळवा आणि शेवटच्या टप्प्यात दाढा एकमेकींना टेकतात का ते पाहा.

आकडेही स्वतः पडताळता येतात. एक अलाइनर एका दाताला साधारण ०.२५ मिलिमीटर सरकवतो आणि गोल फिरवायचा असेल तर दोनेक अंश. २.५ मिलिमीटरची फट दोन्ही बाजूंनी सारखी मिटवायची तर प्रत्येक दात १.२५ मिलिमीटर, म्हणजे कागदावर पाच टप्पे. बाकीचे टप्पे कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि प्रत्यक्षात दात कागदाइतके सरकत नाहीत. विशेषतः सुळे आणि गोल आकाराच्या उपदाढा फिरवताना नुसतं प्लॅस्टिक निसटतं. म्हणून दातावर दाताच्याच रंगाच्या कंपोझिटचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. दाटी असेल तर दोन दातांमधलं इनॅमल ०.२ ते ०.५ मिलिमीटर घासून जागा करावी लागते. ही दोन्ही कामं कुरिअरने होत नाहीत. ती योजनेत नसतील, तर एकतर केस खरंच सोपी आहे, किंवा दात पुढे फाकवून जागा काढलेली आहे.

या सेवा सरसकट वाईट आहेत, असं मी कुणाला सांगत नाही. अलाइनर ज्यापासून बनतो ती प्लॅस्टिकची शीट क्लिनिकमधल्यासारखीच असते, साधारण पाऊण मिलिमीटरची, आणि छापलेल्या मॉडेलवर ती गरम करून ओढायची पद्धतही सारखीच. किंमत कमी होते ती मुख्यतः डॉक्टरच्या खुर्चीतला वेळ वगळल्याने. ज्याला त्या वेळेची गरज फारशी नाही, अशी माणसं असतात. शाळेत तारा लावून झाल्या, रिटेनर (उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणारा साचा किंवा तार) घालायचा कंटाळा केला आणि आता खालचे पुढचे दात दोनेक मिलिमीटर दाटले, दाढांचा बाइट उत्तम, हिरड्या निरोगी. अशा माणसाने एकदा प्रत्यक्ष तपासणी आणि एक्स-रे करून स्वस्त सेवा घेतली तर मला काळजी वाटत नाही. पण बाइट खोल किंवा उलटा (खालचे दात वरच्यांच्या पुढे) असेल, पुढचे दात टेकतच नसतील, एखादा दुधाचा सुळा अजून जागेवर असेल (पक्का सुळा बहुतेकदा वर हाडात आडवा असतो), इम्प्लांट किंवा ब्रिज असेल, तर घरपोच सेवेचा विचार सोडावा.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एक मोठा एक्स-रे. पुण्यात तो हजार रुपयांच्या आत होतो. मग प्रोबने हिरड्यांची मोजणी. मग दात साफ करणं, कीड भरणं. स्कॅन सगळ्यात शेवटी. लोक उलट करतात, स्कॅन आधी आणि फिलिंग नंतर. फिलिंगने दाताचा आकार बदलला की तयार आलेला अख्खा संच घट्ट किंवा सैल बसतो.

अलाइनर चालू असताना काय बघायचं, तर कड. दाताचं टोक आणि प्लॅस्टिक यांच्यात पोकळी दिसली, म्हणजे दात मागे राहिला आहे. तारीख आली म्हणून पुढचा चढवायचा नाही. आहे तोच आणखी आठवडाभर घालायचा, अलाइनरसोबत मिळणारा मऊ रोल चावून तो नीट बसवायचा, आणि तरी पोकळी राहिली तर नवा स्कॅन मागायचा. दुसरं, दाढा. वर-खाली मिळून दीड मिलिमीटर प्लॅस्टिक दिवसभर मध्ये असल्याने दाढा थोड्या आत दाबल्या जातात आणि काही महिन्यांनी भाकरीचा घास नीट चावला जात नाही. पातळ कागदाची पट्टी दाढांमध्ये धरून दात मिटा आणि ओढा. दोन्ही बाजूंनी ती अडली पाहिजे. सहज सुटून आली तर थांबा आणि दाखवा.

अलाइनर रोज २० ते २२ तास घालायचे असतात. उरलेल्या दोन ते चार तासांत दोन जेवणं, नाश्ता आणि दात घासणं बसवायचं. ऑफिसखालच्या अमृततुल्यवर दिवसातून चारदा जाणाऱ्याचं गणित इथेच कोलमडतं. गरम चहा अलाइनर घालून प्यायला तर प्लॅस्टिक वाकतं आणि साखर आत अडकून राहते. काढून प्यायला तर प्रत्येक वेळी अर्धा तास जातो.

पैशांचं कलम आमच्या या गृहस्थांनी वाचलं नव्हतं. हप्ते कंपनीला नव्हे, एका फायनान्स कंपनीला जाणार होते. म्हणजे कर्ज वेगळं आणि उपचार वेगळा. उपचार मध्ये थांबला तरी हप्ता आपोआप थांबत नाही. अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही या धंद्यातली एकेकाळची सगळ्यात मोठी कंपनी. २०१४ मध्ये सुरू झालेली, २०१९ मध्ये शेअर बाजारात आलेली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये कामच बंद केलं. अर्ध्यावर असलेल्या रुग्णांना स्थानिक डेंटिस्ट गाठायला सांगितलं आणि हप्त्यावर असलेल्यांना हप्ते चालू ठेवायला. आमच्या या गृहस्थांच्या करारपत्रात आणखी एक टिकमार्क होता: 'गेल्या सहा महिन्यांत मी डेंटिस्टकडून तपासणी करून घेतली आहे आणि माझ्या हिरड्या निरोगी आहेत.' ती खूण केली की हाड तपासायची जबाबदारी रुग्णावर येते. यांनी ती करून टाकली होती, कारण त्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.

म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारा. माझी योजना कोणत्या डॉक्टरने मंजूर केली, त्यांचं नाव आणि स्टेट डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, ते ऑर्थोडॉन्टिक्सचे (दात सरळ करण्याच्या शाखेचे) एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर पदवीधर, आहेत का. माझा ओपीजी त्यांनी पाहिला आहे का. अटॅचमेंट आणि घासकाम कोण, कुठे करणार. दात मागे राहिले तर नवे संच किती वेळा मिळतील. रिटेनर किमतीत आहे की वेगळा. उत्तरं ईमेलवर घ्या, फोनवर नकोत. आणि अडचण केवळ पैशांची असेल तर पुण्यात डेंटल कॉलेजं आहेत: धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात आझम कॅम्पसचं रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील. तिथे एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च कमी येतो. फेऱ्या जास्त होतात आणि वेळ जातो, पण तोंड कुणीतरी बघतं.

या गृहस्थांचा अलाइनरचा प्रस्ताव रद्द झाला, नोंदणीची रक्कम मात्र परत मिळाली नाही. त्यांना पिरिओडॉन्टिस्टकडे, म्हणजे हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे, पाठवलं. हिरडीखालची खोल सफाई चार टप्प्यांत झाली, सोबत मधुमेहाची औषधं सुरू झाली. दहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा उजव्या दाताचा ५ चा आकडा ३ वर आला होता, डावा अजून ६ वर होता. तिथे हिरडी उघडून सफाई आणि बोन ग्राफ्ट (गेलेल्या हाडाच्या जागी हाडाची भर) करावं लागलं. फट या काळात आपोआप १.९ मिलिमीटरवर आली. सूज ओसरली की दात थोडासा मागे येतो, हे अशा केसमध्ये कधीकधी दिसतं.

आता सगळीकडे ४ किंवा कमी आकडा आहे आणि रक्त येत नाही. पुढच्या महिन्यात अगदी हलक्या तारेने आधी खालचे दात आत दाबायला घेणार आहोत, मग वरचे मागे. दर तीन महिन्यांनी सफाई आणि मोजणी चालूच राहील. आकडा वाढला तर तार थांबवायची, हे त्यांच्याशी आधीच ठरलं आहे. शेवटी वरच्या सुळ्यापासून सुळ्यापर्यंत आतून एक पातळ पिळाची तार कायमची चिकटवावी लागेल, कारण निम्म्या हाडावरचा दात मोकळा सोडला तर पुन्हा सरकतो.