कुलाबा वेधशाळेचे जुने महिन्याचे तक्ते एक्सेलमध्ये भरताना

कुलाबा वेधशाळेच्या एकोणिसाव्या शतकातल्या हवेच्या दाबाच्या नोंदी मी एक्सेलमध्ये भरल्या, अजून कुणाला हे करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. वेधशाळा १८२६ ची, कंपनी सरकारच्या काळातली, पण हवामान आणि चुंबकीय (पृथ्वीच्या चुंबकत्वाची) निरीक्षणं नियमित सुरू झाली ती १८४१ पासून. छापील व्हॉल्यूमचे स्कॅन नेटवर मिळतात, पण ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं आपोआप ओळखणारं सॉफ्टवेअर, इथे फारसं कामाचं नाही, तीनचा आठ होतो आणि मुख्य म्हणजे २९ इंच (दाब तेव्हा बॅरोमीटरमधल्या पाऱ्याच्या उंचीवरून इंचांत मोजत) हा आकडा फक्त पहिल्या ओळीत छापलेला, खाली नुसते दशांश, त्यामुळे हातानेच भरावं लागतं.

महिन्याची सरासरी म्हणजे शेवटी एक आकडा, जानेवारीत २९.९ इंचांच्या आसपास, जूनजुलैत २९.६ च्या आसपास. नुसता तो उतरवला तर काम पटकन होतं, पण तो बरोबर आहे का हे कळायला तासातासाचे रकानेच भरायला हवेत असं माझं मत. कारण मुंबईत दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली, फरक जेमतेम दशांश इंचाचा पण कोरड्या महिन्यांत ग्राफवर अगदी स्वच्छ दिसतो. कुठला आकडा चुकीचा टाइप झाला तर त्या लाटेत लगेच दात निघतो.

याच लाटेने मला वेळेचा घोळ पण सोडवून दिला. सुरुवातीच्या काळातल्या काही तक्त्यांत वेळ मुंबईची नाहीच, जर्मनीतल्या गॉटिंगेनची आहे, कारण तेव्हा जगभरच्या चुंबकीय वेधशाळा एकाच घड्याळावर वाचन घेत होत्या! मुंबई त्याच्या साधारण ४ तास १२ मिनिटं पुढे. तेवढं सरकवलं आणि सकाळचा उंचवटा बरोबर दहाजवळ येऊन बसला, तेव्हा खरंच फार आनंद झाला. आजच्या आकड्यांशी तुलना करायची तर अजून ३९ मिनिटं लक्षात ठेवा, मुंबईची स्थानिक वेळ आयएसटीच्या, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या, तेवढी मागे. इंचाला ३३.८६ ने गुणलं की हेक्टोपास्कल, म्हणजे दाबाचं आजचं एकक, मिळतात, ते सोपंय.

आणि भरता भरता सारखं जाणवत राहतं की पहाटे चारचा आकडा म्हणजे भर जुलैत, धो धो पावसात कुणीतरी कंदील घेऊन बॅरोमीटरजवळ गेलेलं आहे. केरूनाना छत्रे, जे पुढे गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले, ते पोरसवदा वयात इथेच वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख ऑर्लेबार साहेब यांच्या हाताखाली नोकरीला होते. ही माणसं शाळेच्या पुस्तकात यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. चुंबकीय काम पुढे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ च्या सुमारास अलिबागला गेलं, विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या विजेने चुंबकीय वाचनं बिघडली असती म्हणून, हवामानाचं मात्र कुलाब्यातच राहिलं.

सुरुवात करायची असेल तर पावसाळा घेऊ नका, डिसेंबर किंवा जानेवारी घ्या, लाट ठळक असते त्यामुळे टायपिंगच्या चुका लवकर सापडतात. आणि छापील सरासरी आधी बघू नका, आपली काढा, मग ताडून बघा.