चोवीस उंदीर आणि फॉर्म बी

मेंदूत तारा बसवणं जड जाईल अशी माझी समजूत होती. जड गेला तो फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांचा परवानगी अर्ज.

एफएमआर१ हे जनुक बंद केलेले उंदीर १९९४ साली तयार झाले. माणसात ते गप्प झालं की फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक वाढ खुंटवणारा आनुवंशिक आजार होतो. उंदीर चालताना हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी सांभाळणाऱ्या भागात, थीटा नावाची विद्युत लहर उठते, सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा. त्यातल्या सीए१ या पट्ट्यातल्या पेशी तिच्या तालावर बोलतात की भलतीकडेच, एवढंच मला बघायचं होतं. बारा नॉकआउट, म्हणजे जनुक बंद असलेले नर, बारा साधे. म्हणून बेधडक २४ लिहिलं.

आमची समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. अर्ज परत आला: "२४ हा आकडा कसा काढला?" जनुक एक्स गुणसूत्रावर. संकरित मादी (एका एक्सवर जनुक बंद, दुसऱ्यावर चालू) आणि साधा नर लावले की पिल्लांत नर निम्मे, त्यातले निम्मे नॉकआउट. म्हणजे हवीत ४८ पिल्लं. दुरुस्त केलं. पुढच्या बैठकीत: "२४ माद्यांचं काय करणार?" तेही लिहिलं. संकरित माद्या पैदाशीला, बाकीच्या नवख्यांना शस्त्रक्रियेच्या सरावाला. त्यानंतर: "शस्त्रक्रियेत दगावणाऱ्यांची सोय कुठे आहे?" अहो, तिन्ही प्रश्न एकदम विचारले असते तर! नऊ महिने गेले. प्रश्न मात्र तिन्ही रास्त होते, हे कबूल करताना आजही दात खावेसे वाटतात. शेवटी प्रत्येक गटात सोळा धरून ६४ मागितले.

मंजुरीनंतरचं भराभर झालं. टेट्रोड, म्हणजे पिळलेल्या चार बारीक तारा, रोज स्क्रू किंचित फिरवून खाली न्यायच्या. उंदीर पेंगला की रिपल, म्हणजे जलद लहरींचे छोटे झटके, दिसू लागतात, तेव्हा पेशींचा थर जवळ आला समजा. त्याच क्षणी हावरटपणा आवरा. मी आणखी एक फेरा दिला आणि थर ओलांडून गेलो. रिपलसोबतची मोठी लहर उलटी झाली तेव्हा कळलं. तो उंदीर फुकट गेला.

हो, आधीच सांगायला हवं होतं: अर्थिंग नीट करा. आपल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर थेट गॅमा या मेंदूच्या जलद लहरींच्या पट्ट्यात येते आणि पहिल्या दिवशी मला ती मोठा शोध वाटली होती.

मोजताना माझा कल आड येऊ नये म्हणून कोणता उंदीर कुठल्या गटातला, याची यादी मैत्रिणीच्या कपाटात कुलूपबंद आहे. अजून पाच उंदीर बाकी आहेत. दरम्यान पुढच्या प्रयोगाचा फॉर्म भरायला घेतलाय. या वेळी माद्यांचा रकाना सगळ्यात आधी भरला.